दोन बोटांची जागा

आमच्या गल्लीत माणसाला वजनावरून मान मिळतो, आणि तो भाऊजींमुळे. टायरवाला सगळ्यांत मानाचा, कारण तो मागच्या सीटवर बसला की गाडी अशी काही खाली जाते की भाऊजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. त्याच्या खालोखाल मी. हे काही मी मिरवायला सांगत नाहीये, पण लपवून तरी काय उपयोग? गल्लीत दुरुस्तीला आलेल्या निम्म्या गाड्यांनी मला तोललेलं आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा धंदा शाफ्टचा. गाडीच्या पोटाखालून गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांच्या ॲक्सलपर्यंत जो लांब लोखंडी दांडा फिरत असतो, तो ते कापतात, जोडतात आणि तोलून देतात. दुसरं काही करत नाहीत. कुणी इंजिन दाखवायला आणलं तर म्हणतात, "ते वरचं काम, मी खालचा माणूस." माझं दुकान त्यांच्या शेजारी, मधे फक्त एक पत्रा. मी गाड्यांच्या सीटा शिवते, आतले गालिचे बसवते. पत्र्यापलीकडून ते मला 'सुई' म्हणून हाक मारतात. माझ्या धंद्यावरून, असं ते म्हणतात. माझ्या जिभेवरून, असं ताई म्हणते.

शाफ्ट एकसंध नसतो. त्याचा एक भाग दुसऱ्यात सरकतो, घडीच्या छत्रीचा दांडा सरकतो तसा. चाक खड्ड्यात लटकलं की शाफ्टला लांब व्हावं लागतं, दणका बसून चाक वर दाबलं गेलं की आखूड व्हावं लागतं. लांब होताना तो सुटून येता कामा नये आणि आखूड होताना आत जाऊन आदळता कामा नये. बाकीचे कारागीर हे पट्टीने मोजतात. भाऊजीही मोजतात, पण त्यांच्याकडे शेवटचा शब्द पट्टीचा नाही. ते गाडी चारी चाकांवर उभी करतात, चाकांना दगड लावतात, आणि ती रोज जेवढं ओझं वाहणार असेल तेवढं तिच्यात बसवतात. मालकाने बायकापोरं आणली असतील तर ती, नाहीतर गल्ली. स्वतः खाली उताणे झोपतात, शाफ्टच्या त्या सरकत्या फटीत उजव्या हाताची दोन बोटं घालतात आणि हाक देतात, "बसा!"

मग एकेक जण चढतो. प्रत्येकाबरोबर गाडी दबते आणि फट कमी होत जाते. शेवटचा माणूस बसल्यावरही दोन बोटं सुटी राहिली पाहिजेत, हा त्यांचा नियम. रस्त्यावरच्या दणक्याला तेवढी जागा लागतेच. बोटं सुटी असली की खालून आवाज येतो, "मोकळं आहे." तोवर आत कुणी खोकायचंही नाही. समोरचा रंगारी त्यांना पाठीमागे 'बोटमाप' म्हणतो, आणि तोंडावर म्हणतो, "दादा, पट्टी कशासाठी विकत घेतलीत? पाठ खाजवायला?" यावर भाऊजींचं उत्तर ठरलेलं असतं. "पट्टीला दुखत नाही. ज्याला दुखत नाही तो नीट मोजत नाही."

हे वेड कुठून आलं ते त्यांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर टांगलेलं आहे. एक वाकलेला शाफ्ट. त्यांच्या थोरल्या भावाच्या गाडीचा. भाऊजी तेव्हा गाड्या धुवायचे, शाफ्ट कशाशी खातात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. भावाने हौसेने गाडी उंच करून घेतली होती आणि शाफ्टही नवा टाकला होता. भरल्या गाडीनिशी घाट उतरताना एका दणक्याला तो शाफ्ट पुरता आत गेला आणि पुढे जायला जागाच उरली नाही. त्याने गिअरबॉक्स फोडला, मागची चाकं जाम झाली आणि वळण आलं तेव्हा गाडी वळली नाही. भाऊजी दर सकाळी दुकान उघडलं की आधी त्या शाफ्टवरून फडकं फिरवतात. इतक्या वर्षांत तो गंजलेला मी पाहिला नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी, तिला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव, आणि मोठेपणीही तिने त्याला जागायचं ठरवलेलं. ती गाडी चालवते. डोंगरमाथ्यांवर फोनचे टॉवर आहेत, त्यांच्या बॅटऱ्या आणि दुरुस्तीची माणसं वर नेऊन सोडायची, हे तिचं काम. रस्ता म्हणजे नुसतं नाव. दगड, घसारा आणि एका बाजूला काहीच नाही. तिच्या गाडीचं पोट त्या दगडांवर घासायचं. म्हणून तिने बापाला सांगितलं, "बाबा, मी गाडी उंच करून घेणार आहे."

भाऊजी नाही म्हणाले. का, ते सांगितलं नाही. सांगायची गरजच काय, भिंतीवर टांगलेलंच होतं. भिंगरी म्हणाली, "तुम्ही सगळ्याच गाड्यांना नाही म्हणता. मी लहान होते तेव्हा झोपाळ्यालासुद्धा नाही म्हणाला होतात." ते खरंच होतं. साखळीचे सांधे तपासल्याशिवाय तिला झोपाळ्यावर बसू दिलं नव्हतं, आणि तपासता तपासता अंधार पडला होता. भाऊजींच्या भीतीचं हेच दुर्दैव. ती इतक्या वेळा दाखवून झाली होती की आता तिला कुणी भीक घालत नव्हतं. शब्दाने शब्द वाढला, आणि पोरगी गाडी घेऊन पुलापलीकडच्या एका चकचकीत दुकानात गेली.

परत आली ती वीतभर उंच होऊन. म्हणजे गाडी. भिंगरीचं नाक तर त्याहून वर होतं. स्प्रिंगचे नवे पाटे, नवे शॉकअप, मोठे टायर, आणि सगळ्याबरोबर एक नवाकोरा, काळा चमकणारा शाफ्ट. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळायच्या आधीच भाऊजींच्या हातातला पाना थांबला. मी पत्र्याच्या कडेने पाहत होते. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग आलं. हळू चालणाऱ्या गाडीखालून एक बारीक घुमणारा आवाज, बंद खोलीत कुणीतरी कण्हत असल्यासारखा.

"कुणाची गाडी?" मी विचारलं.

"आपली," ते म्हणाले, आणि पाना खाली ठेवून हात पुसायला लागले. स्वच्छ झालेले हातही ते पुसत राहिले.

भिंगरी त्यांच्याकडे गेली नाही, माझ्याकडे आली. उंच करताना आतला गालिचा फाडला होता, तो नवा हवा होता, सीटाही उसवल्या होत्या. गाडी माझ्या दारात उभी राहिली. मी जुना गालिचा उचलला तर खाली पत्र्याला एक चौकोनी भोक, शाफ्टच्या बरोबर वर. एरवी त्यावर झाकण असतं, पण दुकानवाल्यांनी काम करताना ते काढलं होतं आणि एका पिशवीत घालून दिलं होतं. त्या भोकातून वाकून पाहिलं की थेट जमीन दिसायची. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जमीन नाही, भाऊजी दिसले. उताणे झोपलेले, टॉर्च छातीवर.

"भाऊजी, दाराने या की," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. एरवी माझ्या फालतू विनोदालाही उलटा टोला देणारा माणूस.

बापलेकीचं बोलणं माझ्या दारातच झालं. भाऊजींनी विचारलं, "माप कुठे घेतलं?"

"त्यांच्या दुकानात."

"तसं नाही. गाडी जमिनीवर होती का उचललेली?"

"उचललेली. त्यांच्याकडे ती वर उचलायची यंत्रं आहेत, चारही चाकं मोकळी. का?"

भाऊजींनी मान हलवली. चाकं लटकलेली असताना मोजलं म्हणजे शाफ्टचं सगळ्यांत लांब माप मिळालं. गाडी खाली उतरली, तिच्यावर वजन पडलं की तोच शाफ्ट लांब ठरतो. शाफ्ट वाईट नव्हता, करणारे लबाड नव्हते, पोलाद चांगलं होतं. फक्त मोजताना गाडी हवेत होती. हे सगळं भाऊजींनी तिला सांगितलं. फार शांतपणे सांगितलं, आणि तिथेच चुकलं. ओरडले असते तर पोरगी निदान भांडली असती. तिने नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मी रिकामी गाडी टेकडीवर नेऊन आणली. काही झालं नाही. उद्या सकाळी वर जायचंय. माणसं ठरलीत, बॅटऱ्या भरल्यात."

"रिकामी नेलीस," भाऊजी म्हणाले.

"काका गेले त्याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण त्यांना मी पाहिलंसुद्धा नाही, आणि जन्मभर त्यांच्याच गाडीतून फिरतेय."

हे ऐकून मी शिवण थांबवली. दुकानाच्या दारात ताई चहाचे कप घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. ताई कमी बोलणारी बाई. नवरा आणि मुलगी दोघंही बोलून बोलून घर डोक्यावर घ्यायची, तेव्हा हिने आपला वाटा त्यांनाच देऊन टाकला होता.

भाऊजी म्हणाले, "बरं. एकदा माझ्या पद्धतीने मोजू. बोटाला जागा राहिली तर जा. नाही राहिली तर थांब."

"आणि राहिली तर परत काही बोलणार नाही?"

"नाही बोलणार."

"कधीच?"

"कधीच."

गाडी मोकळ्या जागेत आणली. चाकांना दगड लावले. बॅटऱ्या मागे भरलेल्याच होत्या. भिंगरी चालकाच्या जागी बसली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू आत्ताच निघायचंय. रंगारी ब्रश खिशात खोचून आला आणि म्हणाला, "चला, आज कुणाचं बोट?" दर वेळी म्हणतो. भाऊजी खाली सरकले. गाडी उंच झाल्यामुळे त्यांना आत शिरायला आता ऐसपैस जागा होती.

"बसा!"

रंगारी पुढे बसला. "मोकळं आहे," खालून आवाज आला.

टायरवाला मागे चढला. गाडी एका बाजूने करकरली, मग सरळ झाली. या वेळी आवाज यायला वेळ लागला. मी बाहेर उभी होते. रस्त्यावरून कुणी सायकल नेत होतं, तिच्या साखळीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"मोकळं आहे."

"बघा," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, सुटका होती. "आहे ना जागा? झालं ना बाबा?"

"वर दोन माणसं जाणार आहेत ना मागे? अजून एक राहिलंय. सुई, तू."

मी पायरीवर पाय दिला आणि आत वाकले. पायाशी ते भोक होतं. त्यातून भाऊजींचा चेहरा दिसत होता. कपाळावर घाम, पण चेहरा एकदम निवांत, दुपारी जेवून आडवे व्हायचे तसा. फटीत एकच बोट होतं. ते मला दिसलं, पण त्या क्षणी त्याचा अर्थ लागला नाही.

"भाऊजी, आहे ना जागा?"

त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मोकळं आहे. बस."

मी बसले.

किंचाळी वगैरे आली नाही. एक बारीक आवाज आला, मी मशीनवर जाड कातडं शिवताना सुई मोडते तसा, आणि मग भाऊजी अगदी हळू म्हणाले, "उतरा." रंगाऱ्याला वाटलं मोजून झालं, तो निवांत खिसे चाचपत बसला. टायरवाल्याला त्या उंच गाडीतून उतरायला वेळच लागणार होता. सगळ्यांत आधी कळलं ते भिंगरीला. तिने दार उघडून उडी मारली आणि "उतरा! उतरा!" असं ओरडत तिने मला हाताला धरून अक्षरशः खाली ओढलं. माझं कोपर अजून दुखतं.

दवाखान्यात भाऊजींच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर काढावं लागलं. भिंगरी दुसऱ्या दिवशी वर गेली नाही. टॉवरची माणसं दुसऱ्या कुणाच्या गाडीने गेली.

मी त्यांना भेटायला गेले ती फळं घेऊन नव्हे, राग घेऊन. ते खाटेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. ताई पलीकडे पाणी भरत होती.

"तुम्ही 'मोकळं आहे' म्हणालात," मी म्हणाले.

"म्हणालो."

"एकच बोट ठेवलं होतंत. दुसरं कधी काढलंत?"

"टायरवाला बसला तेव्हा."

"म्हणजे तेव्हाच कळलं होतं. मग दुसरंही काढायचं! तिथे एखादी काडी घातली असती, तीही चेमटली असती. तिला बोलवून दाखवायचं."

"काडी चेमटली असती तर ती म्हणाली असती, बाबा, काडीच ती. तुला माहितीये ती कशी आहे."

"आणि मला बसवलंत. माझ्या हाताने, माझ्या वजनाने. मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर बसली असतीस?"

या माणसाचा मला राग आला आणि तो अजून आहे. पोरगी वाचली म्हणून सगळी गल्ली त्यांना डोक्यावर घेत होती. रंगारी तर त्या प्रसंगाचं वर्णन रोज थोडं थोडं रंगवत नेत होता. पण मला रात्री कूस बदलताना खाट करकरली तरी धस्स व्हायचं. प्रेम असं करायचं असतं का, दुसऱ्याला न विचारता त्याच्या वजनाखाली? ताईने पाण्याचा पेला नवऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवला, मग चूक लक्षात येऊन उचलला आणि डाव्या हाताशी ठेवला.

भिंगरीने आभार मानले नाहीत. तिने तो काळा शाफ्ट स्वतःच उतरवला, कापडात गुंडाळला आणि पुलापलीकडे नेऊन टाकला. तिथल्या लोकांना काय बोलली ते तिने सांगितलं नाही, पण त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नसावं. मग एक दिवस बापाच्या दुकानात येऊन उभी राहिली. "नवा करा," म्हणाली.

भाऊजींनी गळ्यातला हात दाखवला. "तू कर. मी सांगतो."

त्या दिवसांत पत्र्यापलीकडे जे चाललं होतं त्याला काम म्हणायचं की भांडण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आधी माप. भाऊजींनी तिला तीन मापं घ्यायला लावली. ॲक्सल मोकळा लटकवून, गाडी रिकामी उभी असताना, आणि पुरतं ओझं भरून. तिन्ही मापं तिने खडूने भिंतीवर लिहिली. पहिल्या आणि तिसऱ्या मापात एवढा फरक होता की भाऊजी म्हणाले, तो काळा शाफ्टच कापून आखूड केला असता तर दबताना वाचली असतीस आणि चाक लटकल्यावर तो सुटून खाली पडला असता. म्हणजे सरकणारा भागच लांब हवा. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

मग शाफ्टच्या दोन टोकांना असतात त्या सांध्यांवरून जुंपली. गाडी उंच झाली की गिअरबॉक्स वर जातो आणि ॲक्सल खालीच राहतो, म्हणून शाफ्ट तिरका पडतो. तिरक्या शाफ्टचे सांधे वाकून फिरतात, घुमतात आणि लवकर झिजतात. तो कण्हणारा आवाज त्याचाच होता. भाऊजींना गिअरबॉक्सच्या बाजूला दुहेरी सांधा हवा होता, आणि पाट्यांखाली पाचरी घालून ॲक्सलचं तोंड शाफ्टच्या दिशेने वर करायचं होतं. भिंगरीला दोन्हीकडे साधेच सांधे हवे होते.

"साधा सांधा मी डोंगरावर एकटी बसून हातोडीने बदलू शकते. तुमचा दुहेरी सांधा तिथे बिघडला तर मी काय करू? टॉवरवर चढून तुम्हाला फोन लावू?"

"साधा सांधा या तिरकेपणात बिघडेलच."

"आणि दुहेरी?"

भाऊजींनी भिंतीवरचे आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाले, "तोही बिघडेल. उशिरा." मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच असं कबूल करताना ऐकलं. शेवटी दुहेरी सांधाच ठरला, पण साध्या सांध्यांचा आणखी एक शाफ्ट करून तो मागच्या बाजूला पट्ट्याने बांधून कायम बरोबर ठेवायचा, या अटीवर. तो पट्टा मी शिवला. दुहेरी टाके घातले आणि मग वरून आणखी एकदा मारले.

शाफ्टची नळी तिने कापली, जोड तिने दिला. शाफ्ट तोलायला फिरवला तेव्हा भाऊजी कान लावून उभे होते आणि त्यांची नजर सारखी मागच्या भिंतीकडे जात होती. एकदा तर मी पाहिलं, त्यांनी डावा हात टेकवला तो नव्या शाफ्टवर नाही, त्या वाकलेल्यावर. शाफ्ट गाडीला चढला. मीही माझं काम उरकलं. भोकावर झाकण बसवून स्क्रू आवळले, वर गालिचा ताणून चिकटवला. आता आतून खालचं काही दिसत नव्हतं.

मोजायचा दिवस आला. गाडी त्याच जागी, चाकांना तेच दगड, मागे बॅटऱ्या आणि माझ्या वजनाएवढी वाळूची पोती, कारण मी बसायला नाही म्हणाले होते. रंगारी आला, पण "कुणाचं बोट" म्हणाला नाही. भाऊजी खाली वाकायला लागले तर भिंगरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी जाते खाली."

"तू कशाला?"

"मी केलाय. माझं बोट."

भाऊजी घाईघाईने दुकानात गेले आणि बाहेर आले ते स्टीलची पट्टी घेऊन. हो, पट्टी. "ही घाल," म्हणाले. "हीच घाल, पोरी. पट्टी चांगली असते."

कुणी हसलं नाही. भिंगरीने पट्टी त्यांच्या हातातून घेतली, बाजूच्या पिंपावर ठेवली आणि गाडीखाली सरकली. उजव्या हाताची दोन बोटं तिने वर केली, तेवढं मला वाकून दिसलं. मग अंधारात काही दिसेना.

रंगारी बसला. टायरवाला बसला, एरवी धप्पकन बसणारा माणूस, आज खुर्चीवर अंडी ठेवल्यासारखा बसला. "मोकळं आहे," असं ती दोन्ही वेळा म्हणाली. राहिली चालकाची जागा. "बाबा, तुम्ही बसा."

भाऊजींनी पायरीवर पाय ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला. हजार माणसांना "बसा" म्हणून सांगणाऱ्या या माणसाला स्वतःला बसता येईना. माझा त्यांच्यावरचा सगळा राग असूनही मला त्या क्षणी त्यांना जाऊन धरावंसं वाटलं. शेवटी ते बसले. ओठ घट्ट मिटलेले.

"मोकळं आहे," खालून आवाज आला.

भाऊजींनी डोळे मिटले. मग एकदम दार उघडून खाली उतरले आणि काही न बोलता गाडीखाली शिरले. खालून त्यांचा आवाज आला, "खरं सांग."

"खरंच सांगतेय. खोटं कशाला बोलू?"

"मी बोललो होतो."

थोडी सरकासरक ऐकू आली, आणि मग भाऊजी म्हणाले, "तू एक काढ. एक माझं, एक तुझं. सुई! माझ्या जागी तू बस."

मी दोन पावलं मागे सरकले. "भाऊजी, मी नाही. एकदा केलंत ते पुरे झालं."

"बस," ते म्हणाले. आज त्या आवाजात निवांतपणा नव्हता. तो थरथरत होता, आणि विचित्र गोष्ट म्हणजे त्या थरथरण्यामुळेच मला जरा धीर आला. दुकानाच्या दारात ताई येऊन उभी राहिली होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही.

मी चढले. खाली पाहिलं तर माझाच नवा गालिचा, नीट ताणलेला, एक सुरकुतीही नाही. मी सीटला टेकले, पण दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून निम्मं वजन उचलूनच धरलं होतं. मोजणाऱ्यांना ते लगेच कळलं.

"मावशी," खालून भिंगरी म्हणाली, "नीट बस. हात सोड."

मी हात सोडले. गाडी खाली गेली. थोडीच गेली असेल, पण मला वाटलं आता ती जायची थांबणारच नाही.

खालून आवाज आला नाही. रंगाऱ्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग बापलेक दोघंही एकदमच म्हणाली, "मोकळं आहे."

"मी उतरत नाही," मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "असं बोलून नाही चालायचं. मी बसलेली असतानाच दोघांनी हात बाहेर काढा. आणि ताई, तू मोज."

गाडीच्या कडेखालून दोन हात बाहेर आले, काळ्या वंगणाने माखलेले. एक भाऊजींचा डावा, एक भिंगरीचा उजवा. ताई पुढे झाली, वाकली आणि दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन तिने बोटं मोजली. तिला वेळ लागला. मला वाटतं तिने ती दोनदा मोजली.

"आहेत," ती म्हणाली, आणि तिथेच चाकाशी, जमिनीवर, खाली बसली.